कोबी ‘शिजेपर्यंत’ म्हणजे नेमका कधीपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींचे पान मी न चुकता वाचते. थंडी सुरू झाली की त्या पानावर कोबी दिसू लागतो, पण तो येतो मांचुरियनच्या गोळ्यांत, मोमोच्या सारणात, चीजच्या थराखाली किंवा मैद्याच्या गुंडाळीत. म्हणजे कोबी खायला घालायचा असेल तर तो आधी कशात तरी दडवला पाहिजे, अशी पाककृती लिहिणाऱ्यांची ठाम समजूत दिसते. घरोघरी आठवड्यातून एकदा तरी होणारी कोबीची साधी भाजी, पचडी किंवा पीठ पेरलेला कोबी यांना त्या पानावर क्वचितच जागा मिळते. मिळाली तरी त्या कृतीत एक वाक्य हमखास असते: ‘झाकण ठेवून कोबी शिजेपर्यंत वाफ आणावी.’ हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. कोबीचा वास येतो, तो पाणचट लागतो, त्याचा लगदा होतो, या ज्या तक्रारी घरातली मुले आणि खानावळीत जेवणारी मोठी माणसे करतात, त्यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ भाजीत नसून या वाक्यात आहे, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

मुलींच्या एका वसतिगृहाचे भोजनगृह मी काही वर्षे सांभाळले आहे आणि तेथे पानात उरणाऱ्या भाज्यांत कोबीचा क्रमांक वरचा असे. तोच कोबी, तोच मसाला आणि तीच स्वयंपाकीण असताना, भाजी चुलीवरून उतरवण्याची वेळ तेवढी अलीकडे आणली की पातेली रिकामी होत. म्हणून मी जे लिहिते आहे त्याला नव्या पाककृतीचा डौल नाही. थांबायचे कधी, एवढाच त्याचा विषय आहे.

कोबी हा मोहरीच्या कुळातला आहे. फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली ही तर त्याच एका वनस्पतीची, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली वेगवेगळी रूपे आहेत. या कुळातील पानांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात. पान अखंड असेपर्यंत ती निमूट असतात. विळीचे पाते लागून पेशी फुटल्या की मायरोसिनेज हे विकर त्यांच्यावर काम करू लागते आणि मोहरीसारखा तिखट झणका तयार होतो. कच्चा कोबी चावताना नाकात जे किंचित झोंबते ते हेच. आचेवर ठेवल्यावर हे विकर निकामी होते, झणका ओसरतो आणि कोबीचा अंगचा गोडवा वर येतो. भाजी उतरवायची ती या टप्प्यावर. त्यापुढे आच चालूच राहिली तर गंधकाची संयुगे तुटत जातात आणि त्यांतून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटू लागतात, जो वास आपण नासक्या अंड्याचा म्हणून ओळखतो. कांदा जितका परतावा तितका मवाळ होतो. कोबीचे याच्या उलट असते, तो जितका जास्त शिजवावा तितका उग्र होत जातो. आपल्याकडे बहुतेक भाज्या ‘चांगल्या मऊ’ शिजवण्याचे वळण आहे, आणि वांगे, भोपळा, बटाटा यांना ते मानवतेही. कोबीला मात्र ते अजिबात मानवत नाही.

मग घरोघरी कोबी इतका जास्त का शिजवला जातो? आळसामुळे नव्हे. माझ्या मते याचे खरे कारण हरभऱ्याची डाळ हे आहे. आपली नेहमीची कोबीची भाजी डाळ घालून होते आणि ती तशीच व्हावी, कारण कोबीच्या गोडसर मऊपणाला डाळीचा खमंग दाणा हवाच असतो. परंतु भिजवलेली डाळ आणि चिरलेला कोबी एकाच वेळी फोडणीत पडतात, झाकण बसते, आणि दर काही मिनिटांनी झाकण उघडून डाळीचा दाणा चेपून पाहिला जातो. दाणा चेपला जाईपर्यंत, म्हणजे कोबी कधीच शिजून गेल्यानंतरही बराच वेळ, आच चालू राहते. शिक्षा डाळीला व्हायला हवी ती भोगतो कोबी. मटारांच्या बाबतीत, विशेषतः हंगाम संपत आल्यावरच्या जून मटारांच्या बाबतीत, आणि जाड फोडी केलेल्या बटाट्याच्या बाबतीतही हेच घडते.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. अर्धा किलो कोबीला पाव वाटी हरभऱ्याची डाळ पुरते. ती किमान दोन-तीन तास भिजलेली असावी. दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, कढीपत्ता, उभ्या चिरलेल्या तीन-चार हिरव्या मिरच्या आणि हळद घालून आधी फक्त डाळ टाकावी, पाण्याचा एक हबका मारावा आणि झाकण ठेवून ती मंद आचेवर पाच-सात मिनिटे एकटीच शिजू द्यावी. दाणा नखाने तुटू लागला की मगच बारीक चिरलेला कोबी घालावा, आच मध्यम करावी आणि दोन-तीन मिनिटे उघड्यावर परतावे, म्हणजे प्रत्येक कातरणीला तेल-हळद लागते आणि पानांवरचे पाणी उडून जाते. त्यानंतर चार मिनिटांची एकच वाफ द्यावी, झाकण काढावे, मीठ आणि चिमूटभर साखर घालून आणखी दोन मिनिटे परतावे आणि आच बंद करावी. ओले खोबरे आणि कोथिंबीर घालायची ती भाजी उतरवल्यावर. कोबी कढईत पडल्यापासून दहा मिनिटांच्या आत सगळे आटोपते. ज्यांना डाळ भिजवण्याची आठवण राहत नाही, त्यांनी मुगाची डाळ वापरावी. अर्ध्या तासात ती भिजते आणि कोबीबरोबरच शिजते.

शिजल्याची खूण घड्याळापेक्षा डोळ्यांना अधिक नेमकी कळते. कच्च्या कोबीची कातरण पांढुरकी आणि अपारदर्शक असते. ती शिजली की तिला तुकतुकी येते, कडा पारदर्शक दिसू लागतात आणि हिरव्या पानांचा रंग एकदम उजळतो. एक कातरण बोटांत धरून वाकवली तर ती न मोडता वाकावी, पण चेपली तर तिचा लगदा होऊ नये. ही खूण दिसली की कढई उतरवावी, कारण गरम कढईत भाजी आणखी थोडी शिजतच राहते. रंग पिवळट-करडा होऊ लागला असेल तर वेळ टळून गेली आहे असे समजावे. लिंबू पिळायचे असेल तर तेही शेवटी, कारण आंबटपणा आणि आच एकत्र आली की हिरवा रंग मळकट होतो. हा रंग टिकवण्यासाठी काही आचारी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. रंग टिकतो खरा, पण पाने गिळगिळीत होतात आणि ‘क’ जीवनसत्त्वही नष्ट होते, म्हणून तो उपाय घरी करू नये.

झाकणाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. खोलगट ताटली कढईवर ठेवून तिच्यात पाणी ओतण्याची जी आपली जुनी पद्धत आहे, ती विचारपूर्वक रुळलेली आहे. वरच्या पाण्यामुळे ताटली थंड राहते, आतली वाफ तिच्या तळाला लागून थेंबांच्या रूपाने पुन्हा भाजीवर पडते आणि भाजी वरून पाणी न घालता, करपल्यावाचून शिजते. गवार, फरसबी, सुरण यांसाठी ही पद्धत उत्तम. कोबीत मात्र वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी आधीच असते, त्यामुळे त्याला बाहेरचे पाणी लागत नाही आणि दीर्घकाळ झाकण तर मुळीच लागत नाही. झाकणाखाली कोंडलेला वास भाजीतच मुरतो. चार मिनिटांच्या वाफेसाठी साधे झाकण पुरे, तेही ठेवल्यावर विसरून जाऊ नये. कोबी प्रेशर कुकरमध्ये लावण्याची जी नवी घाईची रीत निघाली आहे, तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी ती भाजी खाल्ली आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

मीठ शेवटी घालण्याचीही दोन कारणे आहेत. एक असे की, मीठ लागताच पेशींतले पाणी बाहेर येते आणि परतण्याऐवजी भाजी स्वतःच्याच पाण्यात उकडू लागते. दुसरे असे की, कढईत शीग लागलेला कोबी शिजल्यावर निम्म्यावर येतो. आधीच्या ढिगाच्या अंदाजाने मीठ टाकले तर भाजी खारट झालीच म्हणून समजा. चिरण्याचेही महत्त्व मोठे आहे. विळीवर सुतासारखा बारीक चिरलेला कोबी लवकर आणि सारखा शिजतो; किसलेल्या कोबीच्या पेशी अधिक फुटतात, पाणी जास्त सुटते आणि वासही वाढतो, म्हणून किसणी वड्यांसाठी आणि थालीपिठासाठी ठेवावी. मधला दांडा फेकून देण्याची अनेकांना सवय असते. तो गड्ड्याचा सर्वांत गोड भाग आहे. त्याच्या पातळ चकत्या करून त्या डाळीबरोबर आधी फोडणीत घातल्या तर बेमालूम शिजतात, आणि घरात लहान मुले असतील तर तो कढईपर्यंत पोहोचतच नाही.

पीठ पेरलेल्या कोबीला मात्र थोडे वेगळे गणित लागते. अर्धा किलो कोबीला अर्धी वाटी बेसन घ्यावे आणि ते आधी कोरडेच मंद आचेवर खमंग भाजून ठेवावे. येथे तेल जरा सढळ हाताने घालावे, लसूण ठेचून आणि लाल तिखट घालून फोडणी करावी, आणि कोबी जेमतेम अर्धा शिजल्यावरच, त्याला मीठ लावून थोडे पाणी सुटू देऊन, पीठ चिमटीने सगळीकडे पेरत जावे. मीठ मुद्दाम आधी घालायचे ते याच प्रकारात, कारण पिठाला शिजायला तेच पाणी लागते. तीन-चार मिनिटांची वाफ, मग एकदा उलथन्याने तळापासून खालवर करणे, आणि पुन्हा एक लहानशी वाफ. पीठ कोरडे दिसले तर पाण्याचा हबका मारण्याऐवजी कडेने चमचाभर तेल सोडावे. ज्वारीच्या भाकरीबरोबर याची बरोबरी करणारे तोंडीलावणे हिवाळ्यात दुसरे नाही, असे मी म्हणेन. घाटावरच्या ज्या घरांत कांदा-लसूण मसाला वर्षभराचा करून ठेवलेला असतो, तेथे तर लाल तिखटाचीही गरज उरत नाही.

आता पचडीकडे वळते. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांची जागा ठरलेली असते, आणि त्या बाजूला कोबीने केव्हाच स्वतःची जागा मिळवलेली आहे. पचडीसाठी कोबी केसासारखा बारीक चिरावा. हिरवी मिरची मिठाबरोबर चुरडून तिच्यात लिंबाचा रस आणि थोडी साखर विरघळवावी, आणि हे सारे, दाण्याचा कूट आणि ओल्या खोबऱ्यासह, पाने घेण्याच्या वेळीच कोबीत कालवावे. आधी कालवले तर वाटीच्या तळाशी पाणी साचते आणि कूट ओला होऊन चव जाते. वर मोहरी-हिंगाची फोडणी घालायची ती किंचित निवल्यावर. याच कोबीला दोन मिनिटांची वाफ देऊन, निथळून, फेसलेली मोहरी घातलेल्या दह्यात कालवण्याची जी रीत काही घरांत आहे ती मला अधिक आवडते. ज्या सिनिग्रिन नावाच्या द्रव्यामुळे मोहरी फेसल्यावर नाकात जाते, तेच द्रव्य कोबीतही असते. वाफेने कोबीचा जो झणका गेला, तो मोहरीने त्याला परत मिळतो. रसायनशास्त्राचा गंधही नसलेल्या बायकांनी ही जोडी केवळ जिभेच्या भरवशावर जमवली, याचे मला अजूनही नवल वाटते.

पचडीचा विषय निघाला की हल्ली एक भीती हमखास बोलून दाखवली जाते: कोबीतला किडा मेंदूत जातो. ही भीती निव्वळ अफवाही नाही आणि जशी सांगितली जाते तशी खरीही नाही. कोबीच्या पानांत जी हिरवी अळी दिसते ती बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती पिकाचे मोठे नुकसान करते, पण माणसाच्या मेंदूशी तिचा काहीही संबंध नाही. मेंदूत गाठी होतात त्या डुकरामार्फत पसरणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळे. अशा कृमीची बाधा झालेल्या माणसाच्या विष्ठेतून ही अंडी बाहेर पडतात, आणि मैलामिश्रित पाण्यावर किंवा मातीत वाढलेल्या कोणत्याही कच्च्या भाजीवर, मग ती कोथिंबीर असो, मुळा असो की पालक, चिकटून पोटात जाऊ शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे अळी दिसली म्हणून घाबरायचे आणि अळी नाही म्हणून निर्धास्त व्हायचे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या आहेत. कोबीला बदनामी अधिक मिळाली, कारण त्याच्या पानांच्या घड्यांत माती आणि पाणी अडकून राहते आणि अखंड गड्डा नळाखाली धरल्याने आतल्या घड्या धुतल्या जात नाहीत.

म्हणून कच्चा खायचा कोबी धुण्याची पद्धत ठरलेली असावी. बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, गड्ड्याच्या चार फाकी कराव्यात, पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली एकेक चोळून धुवावीत आणि त्यानंतर चिरावीत. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या आणि मावा सुटून वर येतो एवढाच त्याचा उपयोग. त्याने जंतू किंवा अंडी मरतात असे समजू नये. चिरून झाल्यावर धुणे मात्र टाळावे, कारण पाण्यात विरघळणारे ‘क’ जीवनसत्त्व मोरीत जाते. ज्यांना पाण्याच्या शुद्धतेची खात्री नाही, किंवा घरात गर्भवती, अगदी लहान मूल वा आजारी माणूस आहे, त्यांनी सरळ वाफवलेली कोशिंबीर करावी. नीट उष्णता लागली की ही अंडी नष्ट होतात. पावसाळ्यात मी स्वतः कच्ची पचडी करत नाही.

‘क’ जीवनसत्त्वाचा उल्लेख आला म्हणून सांगते की, ताज्या कच्च्या कोबीच्या १०० ग्रॅममध्ये ते सुमारे ३५ मिलिग्रॅम असते, जे एवढ्या स्वस्त भाजीच्या मानाने चांगलेच आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांना हिरड्यांतून रक्त येण्याचा जो रोग जडे, त्यावर उपाय म्हणून कॅप्टन जेम्स कुक याने १७६८ साली निघालेल्या आपल्या पहिल्या सफरीत जहाजावर मिठात आंबवलेला कोबी भरपूर भरून नेला होता, हा इतिहास प्रसिद्ध आहे. दीर्घकाळ शिजवल्याने हे जीवनसत्त्व घटत जाते, तेव्हा चवीसाठी जी वेळ योग्य, तीच पोषणासाठीही योग्य ठरते. मात्र रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी कोबीचे आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळीच्या परिणामाला छेद देते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. कोबीने पोटात वारा धरतो ही तक्रारही खरी आहे, कारण त्यातील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. आपल्या फोडणीतला हिंग आणि वडीतला ओवा त्या तक्रारीवरचा उतारा म्हणूनच आला असावा.

कमी शिजवण्याचे हे शहाणपण आपल्या शेजाऱ्यांनी आपल्यापेक्षा अधिक जपले आहे, असे मला वाटते. गुजराती घरांतला कोबी-गाजर-मिरचीचा संभारो मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटांत होतो आणि त्याचा कचकचीतपणा हीच त्याची ओळख असते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतील कोबीचे फुगाद, केरळातील तोरन, तमिळनाडूतील पोरियल, या साऱ्यांत कोबी बारीक चिरून, थोडा वेळ परतून, वर सढळ हाताने खोबरे घातलेले असते. एकाच किनाऱ्याने खाली उतरत गेलेली ही नात्यातली माणसे आहेत, आणि आपली खोबरे घातलेली कोकणी भाजीही त्यांच्यातलीच. याला सन्माननीय अपवाद म्हणजे पाठारे प्रभू आणि सीकेपी घरांतले भानोळे. त्यात कोबी बेसन, मसाला आणि बहुधा कोलंबी यांच्याबरोबर कालवून खरपूस भाजला जातो. पूर्वी पातेल्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून भाजत. तेथे कोबी बराच वेळ आचेवर असतो, पण पीठ त्याचे पाणी शोषून घेते आणि वरचा खमंगपणा उग्रपणाला मागे सारतो. कोबीच्या वड्यांनाही हेच लागू पडते: मीठ लावून पिळून काढलेल्या पाण्यातच बेसन आणि थोडे तांदळाचे पीठ भिजवावे, उंडे वाफवावेत, गार झाल्यावर कापून थोड्या तेलात परतावेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. ज्याला कोथिंबीरवडी जमते त्याला ही जमते.

डब्यात नेण्याच्या भाजीबद्दल मात्र एक सूचना करावीशी वाटते, कारण कोबीची सर्वाधिक बदनामी कचेरीत आणि शाळेत, डबा उघडण्याच्या क्षणी होते. कढईतली वाफाळती भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात भरली की ती आत शिजतच राहते आणि वास कोंडतो. दुपारी झाकण उघडताच तो सगळ्या टेबलाला कळतो. डब्यासाठीची भाजी एक-दोन मिनिटे आधीच उतरवावी, ताटात पसरून पूर्ण निवू द्यावी आणि मगच भरावी. खोबरे घालायचे असेल तर ते उन्हाळ्यात डब्याच्या भाजीत घालू नये, आंबते.

गड्डा निवडताना आकारापेक्षा वजन पाहावे. हाताला जड, पाने घट्ट मिटलेली, देठाचा काप ताजा आणि कुठेही तडा नसलेला गड्डा घ्यावा. गोल्डन एकर जातीचे लहान, गोल, किलो-दीड किलोचे गड्डे दोन-चार माणसांच्या घराला सोयीचे पडतात. अखंड गड्डा फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो. कापला की मात्र कड काळी पडू लागते, म्हणून सुरीने मधोमध चिरून अर्धा ठेवण्याऐवजी बाहेरून पाने सोलत वापरत जावे. चिरून पाकिटात मिळणारा कोबी सोयीचा असला तरी त्याच्या पेशी कालच फुटलेल्या असतात, आणि वर लिहिलेली वासाची सगळी प्रक्रिया दुकानाच्या फळीवरच सुरू झालेली असते.

याच हंगामात आपल्या शेतीविषयक पानावर दर एक-दोन वर्षांनी एक बातमी येते, ती मला दरवेळी अस्वस्थ करते. कोबीची आवक वाढते, भाव इतके पडतात की काढणीचा आणि वाहतुकीचा खर्चही निघत नाही, आणि शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतो किंवा मेंढ्या सोडतो. चार घरांनी कोबी जास्त खाल्ल्याने बाजारभाव सावरतील असा माझा भाबडा समज नाही. भावाची कारणे फार वेगळी आणि मोठी आहेत. पण त्याच आठवड्यात त्याच वृत्तपत्राच्या पाककृतींच्या पानावर परदेशी भाज्यांचे सॅलड असावे, ही विसंगती दोन पानांच्या संपादकांनी एकमेकांशी बोलून तरी टाळता येण्यासारखी आहे.

परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांचाही येथे विचार व्हावा. लंडन असो, न्यू जर्सी असो वा म्युनिक, गवार आणि पडवळ शोधावे लागतात, कोबी मात्र कोणत्याही दुकानात, बाराही महिने आणि परवडणाऱ्या दरात मिळतो. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला एका कढईत पंधरा मिनिटांत घरचे वाटेल असे काही करता येण्याजोगी ही पहिली भाजी आहे. ही मुले आपली पुरवणी संगणकावर वाचतात आणि कृतीतले प्रत्येक वाक्य तंतोतंत पाळतात. आईच्या शेजारी उभे राहून ज्यांनी स्वयंपाक पाहिला, त्यांना ‘शिजेपर्यंत’ कळते. ज्यांनी पाहिला नाही, ते पंचवीस मिनिटे झाकण ठेवून बसतात आणि कोबी आपल्याला आवडत नाही असे ठरवून टाकतात. तेथे मिळणारा टोकदार कोबी आपल्या गड्ड्यापेक्षा कोवळा असतो, त्याला आणखीच कमी वेळ लागतो; सुरकुतलेल्या पानांचा सॅव्हॉय कोबीही पीठ पेरून चांगला होतो. जांभळ्या कोबीची भाजी निळसर दिसली तर घाबरू नये, लिंबू पिळताच ती पुन्हा लालसर होते.

आपणांस माझी विनंती अशी आहे की, येत्या हिवाळ्यात पाककृतींच्या पानावर कोबीच्या अशा साध्या तोंडीलावण्यांना काही रविवार द्यावेत, आणि त्या लिहिणाऱ्यांना कोबीचे वजन, चिरण्याची जाडी, डाळ आधी की नंतर, झाकण किती मिनिटे आणि भाजी उतरवताना ती कशी दिसली पाहिजे, हे स्पष्ट लिहिण्यास सांगावे. ‘चवीनुसार मीठ’ चालेल, कारण मीठ ज्याचे त्याला कळते. ‘शिजेपर्यंत’ मात्र यापुढे छापू नये. जागेची अडचण असेल तर पदार्थाच्या छायाचित्राचा आकार थोडा कमी करता येईल. त्या छायाचित्रात पितळेच्या वाटीशेजारी जो पुदिना ठेवलेला असतो, तो तसाही कृतीत कुठेच नसतो.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पुणे